झाडांच्या बक्षिसांची दीडशे वर्षं

रौप्यमहोत्सवी वर्षात 'सर्वांत हिरवी विंग' म्हणून एक फिरती ढाल ठेवावी, ही सूचना गेल्या वार्षिक सभेत आली आणि टाळ्या वाजवून मंजूरही झाली. ढाल कशाबद्दल द्यायची, मोजायचं काय, यावर मात्र कार्यकारिणीत अजून एकमत नाही. कोणी म्हणतं, जास्तीत जास्त रोपं लावेल त्या विंगला द्या. कोणी म्हणतं, गॅलरीतल्या कुंड्याही धरा. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "सर, तुम्ही इतिहास शिकवायचात, तर या बक्षिसांचाही इतिहास लिहा." निवृत्त मास्तराला एवढं निमित्त पुरतं. वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आपल्या सोसायटी ऑफिसात जो वाद चालू आहे तो दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झालेला आहे. फक्त तो आपल्याकडे नाही, अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या राज्यात सुरू झाला.

नेब्रास्का म्हणजे अमेरिकेच्या साधारण मधला सपाट मुलूख. एकोणिसाव्या शतकात तिथे वस्ती करायला गेलेल्या शेतकऱ्यांना नजर जाईल तिथवर गवतच गवत दिसलं. नदीकाठ सोडला तर झाड नाही. घर बांधायला लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापायची, विटांसारखी एकावर एक रचायची आणि त्यात राहायचं. सावली नाही, सरपण नाही, वाऱ्याला आडोसा नाही. १८५४ साली जे. स्टर्लिंग मॉर्टन नावाचा तरुण आपल्या पत्नीला, कॅरोलाइनला घेऊन तिथे आला. पेशाने पत्रकार, नेब्रास्का सिटीमधल्या वर्तमानपत्राचा संपादक. या जोडप्याने आपल्या उजाड जागेवर झाडं लावायला सुरुवात केली आणि मॉर्टनने पेपरातून लोकांच्या मागे लकडा लावला, की झाडं लावा.

नुसतं लिहून लोक ऐकत नाहीत हे त्याला कळलं असावं. ४ जानेवारी १८७२ रोजी राज्याच्या कृषी मंडळाच्या बैठकीत त्याने ठराव मांडला, की येत्या १० एप्रिलला राज्यभर झाडं लावण्याचा दिवस पाळावा. बैठकीत काही जणांना या दिवसाला 'वनदिन' अशा अर्थाचं नाव हवं होतं. मॉर्टन म्हणाला, तसं केलं तर फक्त जंगली झाडं आली, फळझाडांचं काय? म्हणून 'आर्बर डे', म्हणजे सरळ 'वृक्षदिन' असं नाव ठरलं. (नावावरून बैठक लांबवणं ही काही फक्त आपल्या कमिटीची खासियत नाही, हे वाचून बरं वाटलं.)

ठरावात दोन बक्षिसं होती. ज्या जिल्ह्यात त्या दिवशी सर्वांत जास्त झाडं नीट लावली जातील, तिथल्या कृषी संस्थेला शंभर डॉलर. आणि जी व्यक्ती त्या दिवशी सर्वांत जास्त झाडं नीट लावेल तिला शेतीवरच्या पंचवीस डॉलर किमतीच्या पुस्तकांचा संच. झाडं लावणाऱ्याला पुस्तकं द्यायची ही कल्पना मला फार आवडली. आपल्या ढालीऐवजी तसं काही करता आलं तर पाहावं.

त्या एका दिवसात नेब्रास्कात दहा लाखांवर झाडं लागली असा अंदाज सांगितला जातो. १८७० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती १ लाख २२ हजार ९९३. म्हणजे तान्ही मुलं धरून दर माणशी आठ झाडं! लिंकन शहराजवळच्या जे. डी. स्मिथ नावाच्या एका गृहस्थाने एकट्याच्या नावावर ३५,५५० झाडं लावल्याची नोंद आहे. मी सवयीने गणित करून पाहिलं. बारा तास न थांबता काम केलं तरी मिनिटाला जवळजवळ पन्नास झाडं होतात. हाताखाली बरीच माणसं असल्याशिवाय हे होणार नाही, आणि बहुतेक नुसत्या फांद्या खोचल्या असतील. गंमत अशी, की ज्याने हा सगळा घाट घातला त्या मॉर्टनने स्वतःच्या शेतासाठी मागवलेली ८०० रोपं त्या दिवशी वेळेवर पोचलीच नाहीत.

आता ठरावातला 'नीट' हा शब्द पाहा. झाड 'नीट' लावलेलं हवं, असं मॉर्टनने बक्षिसाच्या अटीतच घातलं होतं. माणूस शहाणा होता. पण मोजणी त्याच दिवसाची! झाड नीट लागलं की नाही हे संध्याकाळी कसं कळणार? ते पुढच्या उन्हाळ्यानंतर कळतं. म्हणजे शब्द बरोबर होता, मोजपट्टी चुकली होती. माझ्या मते जगभरच्या झाडांच्या बक्षिसांचा पुढचा सगळा इतिहास हा त्या एका शब्दाला योग्य मोजपट्टी शोधण्याचा इतिहास आहे.

पहिला मोठा प्रयत्न पुढच्याच वर्षी झाला, आणि तो फसला. १८७३ साली अमेरिकन सरकारने कायदा केला, की १६० एकर सरकारी जमीन घ्या, तिच्यातल्या ४० एकरांवर झाडं लावा, दहा वर्षं ती जगवून दाखवा, की जमीन तुमची. हा कायदा मांडणारा सेनेटर हिचकॉकही नेब्रास्काचाच. कागदावर अगदी निर्दोष वाटतं ना? नुसतं लावून चालणार नाही, जगवायची अट आहे, आणि बक्षीस म्हणजे चक्क जमीन. पण झालं असं, की लोकांनी अर्ज भरून जमीन अडवून ठेवायची, झाडांचं नाव काढायचं नाही आणि काही वर्षांनी आपला हक्क दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं. कोरड्या मुलखात प्रामाणिक माणसाचीही झाडं जळून जात. १८७८ मध्ये ४० एकरांची अट १० वर आणली, तरी उपयोग झाला नाही. शेवटी १८९१ साली कायदाच रद्द केला. बक्षीस फार मोठं झालं की लोकांची नजर झाडावर राहत नाही, बक्षिसावर जाते. शिवाय दहा वर्षं कोणी येऊन पाहणारच नसेल, तर अट असून नसल्यासारखीच.

मॉर्टनचा वृक्षदिन मात्र टिकला. १८८५ मध्ये नेब्रास्कात त्याच्या वाढदिवसाला, २२ एप्रिलला, या दिवसाची अधिकृत सुट्टी सुरू झाली. शाळांनी तो उचलला, इतर राज्यांनी उचलला. पुढे १८९३ मध्ये मॉर्टन अमेरिकेचा कृषिमंत्रीही झाला.

इथून पुढे गोष्टीत बायका येतात, आणि गोष्ट सुधारते. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात १८९१ साली काही मैत्रिणींनी एकत्र येऊन 'लेडीज गार्डन क्लब' काढला. घटना, नियम, पदाधिकारी असलेला अमेरिकेतला हा पहिला गार्डन क्लब मानतात. त्याआधीही बायका एकमेकींना बी-बियाणं आणि फांद्या देतच होत्या, आपल्याकडे जशी गवती चहाची जुडी किंवा मोगऱ्याची फांदी या घरातून त्या घरात जाते तशी. पण नियम करून, वर्गणी काढून, बैठका घेऊन काम करायचं हे नवीन होतं. १९१३ मध्ये फिलाडेल्फियात अशा बारा क्लबांनी मिळून 'गार्डन क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था काढली.

सुरुवातीला हा श्रीमंत घरच्या बायकांचा उद्योग होता, हे खरं आहे. पण त्यांनी आपल्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या फलकांविरुद्ध त्या लढल्या, कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांचं जंगल वाचवायला त्यांनी पैसे उभे केले. १९३४ साली आपल्या पहिल्या अध्यक्षा एलिझाबेथ प्राइस मार्टिन यांच्या स्मरणार्थ त्यांनी 'फाउंडर्स फंड' नावाचा पुरस्कार सुरू केला. त्याची रीत आपण समजून घेण्यासारखी आहे. क्लबांनी आपापल्या गावातलं एखादं काम सुचवायचं, म्हणजे एखादी सार्वजनिक बाग, रस्त्याकडेची झाडं, एखादी वनराई. निवडक कामं पुढे येतात आणि मग देशभरचे क्लब त्यावर मतदान करतात. ज्याला मतं जास्त, त्या कामाला पैसे. म्हणजे पुरस्कार हा झालेल्या कामाची शाबासकी नसून पुढच्या कामाचं भांडवल असतो. जे काम आता उभं राहणार त्याला पैसे, आणि ज्यांनी मत दिलं त्यांचं लक्षही त्या कामावर.

याच काळात क्लबांची आणखी एक मोठी संघटना देशभर उभी राहिली होती. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, तिच्यातल्या न्यू जर्सी राज्याच्या बायकांनी एका हमरस्त्याच्या कडेला डॉगवूडची सुमारे आठ हजार झाडं लावली. सैन्यात गेलेल्यांच्या नावाने. दगडी स्मारक नको, जिवंत स्मारक हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉगवूडला वसंतात पांढरी फुलं येतात. रस्त्याच्या कडेला मैलोन्मैल ती फुललेली कशी दिसत असतील, ही कल्पनाच मला पुरते.

युरोपात हाच विचार गावागावांच्या स्पर्धेच्या रूपाने आला. आयर्लंडमध्ये १९५८ साली 'टायडी टाउन्स', म्हणजे नीटनेटक्या गावांची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी डोनेगल जिल्ह्यातलं ग्लेन्टीज हे छोटंसं गाव पहिलं आलं. ही स्पर्धा आजही चालू आहे. तिची एक पद्धत मला सगळ्यांत मोलाची वाटते. परीक्षक उन्हाळ्यात न सांगता येऊन गाव पाहून जातात आणि भाग घेतलेल्या प्रत्येक गावाला लेखी अहवाल पाठवतात. कुठे किती गुण मिळाले, काय चांगलं आहे, पुढच्या वर्षी काय सुधारा, सगळं त्यात असतं. म्हणजे नंबर न आलेल्या गावालाही प्रगतिपुस्तक मिळतं. शिक्षक म्हणून सांगतो, पहिल्या नंबराच्या कपापेक्षा शेरा लिहिलेली वही मुलाला जास्त पुढे नेते. आयर्लंडमधली कित्येक गावं त्या अहवालातल्या दोन-चार ओळी धरून वर्षभर काम करतात.

आता परत नेब्रास्कात. १९७२ साली, पहिल्या वृक्षदिनाला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे 'आर्बर डे फाउंडेशन' स्थापन झालं. १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण होताना, त्यांनी 'ट्री सिटी' म्हणजे 'वृक्षनगर' हा मान द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी १६ राज्यांतल्या ४२ गावांना तो मिळाला. या मानाच्या अटी चार. शहरात झाडांची जबाबदारी असलेलं मंडळ किंवा विभाग हवा. झाडांबद्दल नियम हवेत. झाडांवर दरवर्षी माणशी किमान दोन डॉलर खर्च व्हायला हवा. आणि वृक्षदिन साजरा व्हायला हवा.

या चार अटींत किती झाडं लावली हा प्रश्न कुठेच नाही! ज्या राज्यात एका दिवसात दहा लाख झाडं लावल्याबद्दल बक्षीस वाटलं, त्याच राज्यातल्या लोकांनी शंभर वर्षांनी विचारलं, की सांभाळणार कोण, नियम काय आणि पैसे कुठून येणार? शिवाय हा मान एकदा मिळाला की कायमचा, असं नाही. दरवर्षी नव्याने कागद द्यावे लागतात. ढाल कपाटात ठेवून कुलूप लावायची सोयच नाही.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? बागप्रेमी मंडळी आपल्याकडेही अथेन्सच्या मैत्रिणींच्या कितीतरी आधीपासून होती. राणीची बाग (आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) १८६२ साली भायखळ्याला खुली झाली, ती अशाच एका कृषी-बागायत मंडळामुळे. मंडळाला ती झेपेना, तेव्हा १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली. पुण्याची एम्प्रेस गार्डन मात्र अजून 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' चालवते आणि २६ जानेवारीच्या सुमाराला तिथे पुष्पप्रदर्शन भरतं. गुलाब, शेवंती, बोन्साय, भाजीपाला, सगळ्यांना नंबर आणि बक्षिसं. पण ही कुंडीतल्या कौशल्याची बक्षिसं झाली. गावासाठी झाड लावणाऱ्याला शाबासकी देणं ही वेगळी गोष्ट.

ती स्वातंत्र्याबरोबर आली. जुलै १९४७ मध्ये दिल्लीत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांनी वृक्षारोपण सप्ताह केला. १९५० साली केंद्रीय अन्न व कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी तो देशभर नेला आणि 'वनमहोत्सव' हे सुंदर नाव दिलं. हेच मुन्शी १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे गृहमंत्री होते, त्यामुळे त्यांचं नाव मुंबईकरांना नवीन नव्हतं. जुलैचा पहिला आठवडा हे त्यांनी धरलेलं गणितही अचूक होतं, पाऊसच पाणी घालतो. पण महोत्सव म्हटला की पाहुणे, फोटो आणि चहापान आलं. पाहुण्यांनी दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावायचं, हा विनोद माझ्या पिढीने शाळेपासून ऐकलेला आहे. विनोद शिळा झाला, खड्डे झाले नाहीत.

खरा बदल दिसतो तो १९८०-९० च्या दशकात. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ झालं आणि १९८६ पासून केंद्र सरकारने 'इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार' सुरू केले. पहिल्याच वर्षी हा पुरस्कार आपल्या महाराष्ट्रात, राळेगणसिद्धीला, अण्णा हजारे यांच्या हाती आला. राळेगणची पंचसूत्री अनेकांना पाठ असेल, तरी तिच्यातले दोन शब्द इथे मुद्दाम लिहितो: कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. दोन्ही शब्दांत 'लावा' असं नाही. तोडू नका आणि रोपांवर गुरं सोडू नका, एवढंच. मॉर्टनचा 'नीट' हा शब्द नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावाने आपल्या भाषेत कसा समजून घेतला ते बघा.

महाराष्ट्र शासनाचा 'छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार' व्यक्ती, शाळा-महाविद्यालयं, सेवाभावी संस्था, ग्रामपंचायती अशा वेगवेगळ्या गटांना मिळतो. 'संत तुकाराम वनग्राम योजने'त तर जंगल राखणाऱ्या गावांनाच बक्षीस आहे. २०१० च्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेत गावाने लोकसंख्येच्या प्रमाणात झाडं लावून जगवायची अट घातली गेली. केंद्राचा एक पुरस्कार अमृतादेवी बिश्नोई यांच्या नावाने आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं झाडं तोडायला आली, तेव्हा झाडांना मिठ्या मारून अमृतादेवी आणि मिळून ३६३ बिश्नोई मारले गेले. त्यांच्या नावापुढे आपण सगळे पुरस्कार छोटेच.

पण आकड्यांचा मोह सुटत नाही हो! १ जुलै २०१६ ला आपल्या राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशाने चोवीस तासांत पाच कोटींच्या घरात रोपं लावून जागतिक विक्रमाच्या पुस्तकात नाव घातलं. पुढे आपलं लक्ष्य ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी असं वाढत गेलं. उत्साह खोटा नव्हता. शाळेतली मुलं, गृहिणी, पोलीस सगळे उतरले होते. पण मला मात्र सारखे ते लिंकनचे स्मिथसाहेब आणि त्यांची ३५,५५० झाडं आठवत होती.

आता आपल्या घराजवळ येऊ. २०१९ मध्ये आर्बर डे फाउंडेशनने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेबरोबर तो 'वृक्षनगर' मान जगभरच्या शहरांना खुला केला. भारतातून पहिलं हैदराबाद आलं आणि २०२१ साठीच्या यादीत आपली मुंबई! नेब्रास्कात निघालेला तो धागा असा आपल्या दारापर्यंत आला. जागतिक मानाच्या अटींत एक अट नवीन आहे: तुमच्याकडे कोणती झाडं आहेत हे तुम्हाला माहीत हवं.

मुंबईला ते माहीत आहे, कारण वृक्षगणना झाली आहे. १९७५ चा झाडांच्या जतनाचा जो कायदा आहे, त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाला अशी गणना करावी लागते. महापालिकेच्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजार २८३ झाडं भरली. त्यांपैकी रस्त्याच्या कडेला १ लाख ८५ हजार ३३३, उद्यानांत १ लाख १ हजार ६७, सरकारी आवारांत ११ लाख २५ हजार १८२. आणि खाजगी आवारांत? १५ लाख ६३ हजार ७०१. निम्म्याहून जास्त! खाजगी आवार म्हणजे दुसरं कोण, तुमच्या-आमच्यासारख्या सोसायट्यांची कंपाउंडं त्यात आली. मुंबईला जो जागतिक मान मिळाला तो महापालिकेच्या नावाने मिळाला, पण त्याखालची निम्मी झाडं तुमच्या-आमच्या मेंटेनन्सच्या पैशांवर उभी आहेत. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायची परवानगी काढणं, छाटणीचे पैसे देणं, पडलेल्या पानांवरून सफाई कामगाराशी होणारी वादावादी, हे सगळं त्या मानाच्या हिशेबात धरायला हवं.

आपल्या सोसायटीचं पहिल्या वर्षाचं सभावृत्तांताचं पुस्तक सचिवांनी मला पाहायला दिलं. त्यात एक ओळ आहे: कंपाउंडमध्ये साठ रोपं लावली, ट्री गार्डसाठी खर्चास मंजुरी. यादी नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सी विंगमधल्या मुलांना घेऊन मी मोजणी केली. एकूण ३८ झाडं भरली: नारळ ११, आसूपालव ९, सोनमोहर ४, आंबे ४, गुलमोहर ३, कडुनिंब २, बहावा २, जांभूळ, शेवगा आणि पिंपळ एकेक. पिंपळ कोणी लावलेला नाही, तो मागच्या भिंतीशी आपोआप आला. शेवगा नंतरचा. म्हणजे साठांतली फार तर ३६ राहिली. दहा-बारा झाडं पार्किंग वाढवताना गेली हे जुन्या सभासदांना आठवतं, बाकीची पहिल्या दोन उन्हाळ्यांतच गेली असणार.

त्या दोन उन्हाळ्यांबद्दल आपण लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. नळाला पाणी नव्हतं, टँकर एक दिवसाआड यायचा. झाडांना टँकरचं पाणी घालू नये, अशी नोटीसही लागली होती आणि ती बरोबरच होती. तेव्हा ए विंगच्या तळमजल्यावरच्या काकू तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून रोज संध्याकाळी गेटजवळच्या पाच-सहा रोपांना घालायच्या. त्यांचं बघून आणखी तीन-चार घरांनी सुरू केलं. आपले तेव्हाचे रात्रीचे वॉचमन सकाळी ड्यूटी संपवून जाण्यापूर्वी आळी करून द्यायचे. गेटजवळ आज जी दाट सावली आहे, जिथे रिक्षावाले उन्हाचे थांबतात आणि मुलं स्कूलबसची वाट बघतात, ती त्या बादल्यांची आहे. त्या वर्षी बक्षीस असतं तर ते साठ रोपं लावणाऱ्या समारंभाला मिळालं असतं, काकूंना नाही.

म्हणून ढालीबद्दल माझं म्हणणं कार्यकारिणीपुढे मांडतो. मोजणी जुलैत करू नका, मे महिन्यात करा. जुलैत सगळीच विंग हिरवी असते. या पावसाळ्यात जे रोप लागेल त्याच्यावर नंबर लावायचा, नंबराशेजारी लावणाऱ्या घराचं नाव लिहायचं आणि पुढच्या मेअखेर ते हिरवं असेल तरच ते मोजायचं. नवीन रोप लावलं नाही, पण जुन्या नारळाची निगा राखली, बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून हातभर माती मोकळी केली, तर त्यालाही गुण द्यावेत. आयर्लंडसारखा प्रत्येक विंगला अर्ध्या पानाचा लेखी शेरा द्यावा. तो लिहायला मी तयार आहे, शेरे मारायची सवय अजून गेलेली नाही. आणि बजेटमध्ये झाडांसाठी स्वतंत्र ओळ हवी. 'किरकोळ खर्च' या सदरात ती घातली की ती नेहमी शेवटी राहते.

आणखी एक गोष्ट पुढच्या काही वर्षांसाठी. रिडेव्हलपमेंटची चर्चा आपल्याकडे आज ना उद्या होणारच आहे. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. झाड तोडावं लागलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची, तीही किमान सहा फूट उंचीची, आणि सात वर्षं ती सांभाळायची. गेटजवळचा गुलमोहर आपल्या सोसायटीच्याच वयाचा, म्हणजे तो गेला तर पंचवीस रोपं. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या झाडाला याच कायद्याने 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्ष म्हटलं आहे. आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षी पहिल्या पावसाळ्यातली जी झाडं उभी असतील ती सगळी त्या यादीत येतील.

सध्याची ३८ झाडं मुलांनी एका नोंदवहीत लिहिली आहेत. नाव, जागा, बुंध्याचा घेर आणि शेवटी 'कोणी लावलं' असा रकाना. हा रकाना नऊ झाडांपुढेच भरलेला आहे. वही सोसायटी ऑफिसात सचिवांच्या टेबलावर ठेवली आहे. ज्या जुन्या सभासदांना आठवत असेल त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात येऊन बाकीची नावं सांगावीत. गॅलरीतून दाखवून सांगितलं तरी चालेल, मुलं लिहून घेतील.